गॅपचं प्रतिज्ञापत्र

कोर्टाबाहेर, कडुनिंबाखाली, टायपिस्ट विचारतो:
"कारण क्या लिखूँ? घरेलू लिख दूँ?
सब वही लिखवाते हैं."
कागदावर मी आत्तापर्यंत एवढीच उमटलेय:
शलाका मुकुंद ढोबले.
ळ त्याच्या यंत्रात नाही.
या शहरात आमच्या चार पिढ्या
रेशन कार्डापासून स्मशानाच्या पावतीपर्यंत
ळ सोडूनच जगल्या.

घरगुती कारण. होतं ना.
मागच्या जुलैत फार्मसीची तिसरी यादी लागली,
मी वरून खाली वाचली, मग खालून वर,
मग बाबांनी चष्मा पुसून वाचली,
जणू माझं नाव काचेवरच्या धुळीत अडकलंय.
रसायनशास्त्र: एकोणपन्नास.
आत्या फोनवर म्हणाली, बीए कर, तेही शिक्षणच असतं.
आईने भाजीत दोनदा मीठ घातलं
आणि आम्ही तिघांनी ती मुकाट्याने संपवली.
पण हे सगळं आठवडाभराचं.

उरलेलं वर्ष मी दवा बाजारात होते.

दुसरा मजला, जिन्यात खोक्यांची चळत,
बाफनाजींचं होलसेल. पहिलं काम
तारीख उलटलेल्या पट्ट्या वेगळ्या काढायच्या.
पोतंभर. मला हसू यायचं, कडवट,
घशाशी अडकणारं.
हमाल बद्रीलाल पोत्याचं तोंड शिवता शिवता म्हणाला,
फेकत नाहीत हे, परत जातं कंपनीत.
मी म्हटलं, मग काय करतात?
त्याला माहीत नव्हतं.

हळूहळू नावं पाठ झाली.
मग नावांखालची बारीक अक्षरं.
खरं औषध तिथे राहतं,
वरचं ठळक नाव म्हणजे लग्नातला फेटा.

होलसेलला किरकोळ गिऱ्हाईक येऊ नये,
येतात तरी, दहा टक्क्यांसाठी.
राऊहून एक आजोबा आले, पिशवी उलटी केली:
दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या,
एक निळी पट्टी, एक चंदेरी,
आणि महिनाभर येणारी चक्कर.
दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या मी.
बारीक अक्षरं तीच. अगदी तीच.
घेऊ नका म्हणायला मी कोण?
अक्षरांवर बोट ठेवलं फक्त,
म्हटलं, हे आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.
भिंतीवर फ्रेममध्ये ज्यांचं लायसन्स लटकतं
ते दर पाच तारखेला येतात,
सह्या करतात, चहा पितात.
त्या दिवशी अठरा तारीख होती.

रात्री रसायनाचं पुस्तक उघडलं. वर्षभरात पहिल्यांदा
रागाशिवाय.
दुपारी गिऱ्हाईक नसताना बिलबुकावर षट्कोन काढायचे,
कार्बनमधून ते खाली उमटायचे, गुलाबीवर, पिवळ्यावर.
एक पिवळी प्रत टॅक्सच्या फायलीला लागली,
बेन्झीनसकट. अजून तिथेच असेल.
आणि मोल, ज्याने मला बारावीत रडवलं होतं,
तो कळला पेट्या मोजताना:
कणकण मोजत बसायचं नसतं,
गठ्ठ्याला नाव द्यायचं आणि पुढे जायचं.

मार्चमध्ये पुन्हा बसले. एकाहत्तर.
पुरतील? माहीत नाही.
यादी लावणारा माझे षट्कोन बघणार नाहीये.

टायपिस्टची बोटं थांबलीत. मागे रांग.
लिहा, मी म्हणते,
दवा बाजारात काम करून रसायनशास्त्र शिकत होते.
"इतना एक लाइन में नहीं आएगा."
मग दोन घ्या.

तो घेतो. नोटरी शिक्का उचलतात, तेवढ्यात
मी पेन काढून ल खोडते, वर ळ लिहिते.
खाडाखोड चालत नाही, म्हणतो तो.
चालते, नोटरीच म्हणतात चष्म्यावरून,
शेजारी सही करा.

मी करते.